यादीत नाव नसलेली पोरं

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. जिथे शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी शिकतात तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे, ही त्यातली सगळ्यात जास्त चर्चा झालेली सूचना. ती योग्यच आहे, आली मात्र फार उशिरा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि त्यातल्या 1,764 महाराष्ट्रातल्या आहेत. या यादीत आपलं राज्य पहिलं आहे.

पण समजा, उद्या खरोखरच सगळीकडे समुपदेशक नेमले गेले. खोली मिळाली, दारावर पाटी लागली, टेबलावर टिश्यूचा डबासुद्धा आला. त्या खोलीत जाणार कोण?

ज्या शाळांत अशी खोली आहे, तिथे ती कुठे आहे ते एकदा बघा. बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून, ऑफिससमोरच्या पॅसेजमध्ये असते, आणि बाहेर एक बाक. मधल्या सुट्टीत त्या बाकावर बसलेली आठवीतली पोरगी पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. डबा संपायच्या आत वर्गात बातमी पोचलेली असते आणि दुसऱ्या दिवशी तिला 'मेंटल' हे नाव पडलेलं असतं. त्यात भर म्हणजे पोरांना तिथे धाडलं जातं ते बहुधा शिक्षा म्हणून. मस्ती केली, गृहपाठ केला नाही, कुणाला मारलं, की 'जा, मॅडमकडे जाऊन बस'. एकदा ती खोली शिक्षेची ठरली, की मनातलं बोलायला कुणी आपल्या पायाने तिथे फिरकत नाही.

शिवाय माणसं तरी किती आहेत आपल्याकडे? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वर्षांच्या मुलामुलींपैकी 7.3 टक्क्यांना काही ना काही मानसिक त्रास असल्याचं आढळलं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड वाट्याला येत नाही. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसची 14416 ही मोफत हेल्पलाइन आहे, तिच्यावर मराठीत बोलता येतं आणि ती उपयोगीही आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात आणि घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात असतो, तिथे चौदा वर्षांच्या पोराने फोन करायचा कुठून आणि बोलायचं कुणाच्या देखत?

मला वाटतं, आपण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतोय. तज्ज्ञ लागतातच, ते वाढवायलाही हवेत. पण पोरांपर्यंत पोचणारा पहिला माणूस केबिनमध्ये नको, मैदानावर हवा. तोही मैदानावर आधीपासून असलेल्यांपैकी नको, वेगळा हवा. तो वेगळा का, ते पुढे सांगतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधीच सुरू झालेले असतात. त्या वयात 'मला नैराश्य आलंय' असं कुणी म्हणत नाही. पोट दुखतं, डोकं जड होतं, शाळेत जावंसं वाटत नाही. आणि बऱ्याचदा याच्याही आधी एक गोष्ट घडते. पोरगं खेळायला यायचं बंद होतं. रोज पाच वाजता हाकेआधी हजर असणारा आठवडाभर दिसत नाही. किंवा येतो आणि कट्ट्यावर बसून राहतो, बोलावलं तर 'पाय दुखतोय' म्हणतो. आईला वाटतं, बरं झालं, अभ्यासाला लागला. वर्गशिक्षकांच्या हजेरीत तो 'उपस्थित' असतो. त्याचं बिनसलंय हे ज्याला कळू शकतं असा एकच मोठा माणूस त्याच्या आसपास असतो, मैदानावर रोज उभा राहणारा. आपल्या सगळ्या आरोग्यव्यवस्थेत या माणसाला मात्र कुठेच जागा नाही.

इथवर वाचून खेळाची मंडळी खूश होतील. 'आम्ही कधीचे सांगतोय, पोरांना मैदानावर सोडा, सगळं ठीक होतं. खेळात जात नाही, धर्म नाही.' हे वाक्य प्रत्येक क्रीडा महोत्सवाच्या उद्घाटनात पाहुणे म्हणतात. ते खरं असतं तर क्रिकेटपटू बाळू पालवणकरांचं आयुष्य वेगळं गेलं असतं.

बाळूंचा जन्म 1876 सालचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता त्यांना सरावात गोलंदाजी टाकायला मिळाली. डावखुरी फिरकी अशी, की पुण्यातल्या हिंदू खेळाडूंपुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचं तर हा माणूस हवा, आणि याला घ्यायचं तर विटाळाचं काय करायचं? तोडगा असा निघाला की मैदानावर बाळूने टाकलेला चेंडू सगळ्यांनी झेलायचा, पण चहाच्या वेळी बाळूने तंबूबाहेर बसून मातीच्या वेगळ्या भांड्यातून प्यायचं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद मात्र त्यांच्या वाट्याला कधीच आलं नाही. ते 1923 साली धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही बऱ्याच रुसव्याफुगव्यांनंतर.

ही गोष्ट आपण 'खेळाने भिंती पाडल्या' म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरंच दिसतं. बाळूंना आत घेतलं ते त्यांच्या बळींसाठी. त्याच वस्तीत, त्याच वयाचा, पण फिरकी न टाकता येणारा एखादा मुलगा असणारच. त्याला कुणी आत घेतलं नाही. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. गुणवत्तेच्या जोरावर एखाद्याला वर काढणं वेगळं आणि समाजात सामावून घेणं वेगळं. आपली अख्खी क्रीडाव्यवस्था पहिलं काम करते आणि भाषणात श्रेय दुसऱ्याचं घेते.

आजचं चित्र बघू. शालेय क्रीडा स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. प्रवेश अर्ज भरतो शाळा. सोबत जन्मतारखेची नोंद, आधार, मुख्याध्यापकांची सही. म्हणजे जो शाळेत नाही, तो सुरुवातीलाच बाद. वीटभट्टीवरचं पोर बाद, पारधी पालावरचं पोर बहुतेक वेळा बाद. आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराचं पोर तर गमतीशीर रीतीने बाद होतं. त्याचं नाव पटावर असतं, पावसाळ्यात तालुक्याला खेळतंसुद्धा. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि त्याचा संघ पुढच्या फेरीला जातो तेव्हा ते पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या हद्दीत कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, धाकटं भावंड सांभाळत असतं. व्यवस्थेने त्याला कुठेही 'नाही' म्हटलेलं नसतं. फक्त तिचं वेळापत्रक त्याच्यासाठी केलेलं नसतं.

जी शाळेत आहेत त्यांचं तरी काय? कबड्डीच्या संघात बारा नावं, सात आत आणि पाच राखीव. चारशे पटाच्या शाळेत उरलेली पोरं काय करतात? तालुक्याच्या कुठल्याही स्पर्धेला जा, मैदानाच्या कडेला ती सापडतील. दप्तरं राखायला आणि बाटल्या भरायला आणलेली, किंवा नुसतीच टेम्पोत जागा होती म्हणून आलेली. त्यांतल्या एकीला मी विचारलं होतं, 'तू का खेळत नाहीस?' ती म्हणाली, 'सर घेत नाहीत.' तिच्या मैत्रिणीने जरा वेळाने हळूच सांगितलं की ती चांगली खेळायची, पण शाळेच्या संडासाला कडी नाही, म्हणून महिन्यातले चार-पाच दिवस ती सरावाला येत नव्हती. सरांनी दोनदा बघितलं आणि नाव कापलं. सरांच्या बाजूने बोलायचं तर त्यांना बारा जण हवे होते, रोज येणारे. त्यांच्या शाळेला ढाल हवी होती. ढाल मिळाली की संस्थाचालक खूश, आणि पुढे मुलांना दहावी-बारावीला क्रीडा गुण, नोकरीत पाच टक्के आरक्षण. यातल्या कुठल्याच पायरीवर कडीचा हिशेब नाही.

याला उत्तर काढणारी माणसंही महाराष्ट्रातच आहेत. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने मुंब्र्यात गेली. तिथे 'परचम' या गटाच्या मुलींनी 2012 पासून फुटबॉल खेळायला सुरुवात केली. त्यांची पहिली लढाई चेंडूशी झालीच नाही, ती जागेशी झाली. मैदान होतं, पण ते मुलांचं होतं. मग त्यांनी सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी खेळायची जागा मागितली. मला यातली सह्यांची गोष्ट गोलांपेक्षा मोठी वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीने दारोदार जाऊन 'आम्हाला खेळायचंय, सही करा' म्हणणं, यात तिच्या मनाला जे बळ मिळतं ते कुठल्या सेशनमध्ये मिळेल?

नागपुरात हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. 'झुंड' सिनेमा आल्यापासून ही कथा घरोघरी ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. त्यांच्या 'स्लम सॉकर'ला 2016 मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला, आणि बेघरांच्या विश्वचषकात त्यांची पोरं भारताकडून खेळली. त्यात लक्षात घ्यायची बाब एकच. सुरुवातीला निवड नव्हती. जो आला तो आत. चेंडूमागे पळणाऱ्याने आधी काय केलंय, घरी कोण आहे, शाळा सोडलीय का, हे नंतर विचारायचं. आपल्या नेहमीच्या क्रमाच्या हे बरोबर उलट आहे.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, जरा लांबचं आहे. 1994 च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच जाळ्यात गोल गेला. तो मेडेयीनला परतला आणि काही दिवसांतच तिथे त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्या शहरात, जिथे गल्लीगल्लीत टोळ्या होत्या, पुढे काही लोकांनी शांततेसाठी फुटबॉल सुरू केला आणि नियमच बदलले. मुलं-मुली एकत्र खेळणार, पंच नाही, आणि मुलीने गोल केल्याशिवाय मुलांचे गोल धरायचे नाहीत. त्यातूनच पुढे तीन भागांच्या सामन्याची पद्धत जगभर गेली. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग सामना, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं त्यावर बोलणं. गोलांना गुण आणि वागण्यालाही गुण. पंच नसल्यामुळे पोरांना एकमेकांशी बोलावंच लागतं. ज्या मुलीला कुणी पास देत नव्हतं तिच्याकडे पास जाऊ लागतो, कारण तिच्यावाचून स्कोअर होत नाही. नियमच असा केला की सद्भावनेवर भाषण द्यायची गरज उरत नाही.

आता मनाच्या बाजूने. 'मानसोपचाराचं काम साध्या माणसाला कसं जमेल?' ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यातच शोधलं गेलंय. 'संगात' ही संस्था तिथे 1996 पासून काम करते. तिने स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. त्यांतल्या 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम'चे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा ते आठ भेटी, त्यात मुख्य काम एवढंच की माणसाने सोडून दिलेल्या गोष्टी त्याला पुन्हा थोड्याथोड्या करायला लावायच्या. बाजारात जाणं, शेजारणीकडे बसणं, चालून येणं. ज्यांना हे मिळालं त्यांच्यातल्या सुमारे 64 टक्के लोकांची लक्षणं तीन महिन्यांत ओसरली. ज्यांना फक्त नेहमीची सुधारित सेवा मिळाली त्यांच्यात हा आकडा 39 टक्के होता. अभ्यास मोठ्या माणसांवरचा आहे, मुलांवर तो तसाच्या तसा चिकटवता येणार नाही. तरी मन खचलेल्याला पुन्हा हालचालीत आणि माणसांत आणणं हाच उपचाराचा गाभा असेल, तर त्यासाठी मैदानापेक्षा तयार जागा दुसरी कोणती?

मग पीटीच्या सरांनाच प्रशिक्षण देऊन टाकू, असं शासनाला लगेच सुचेल. दोन दिवसांची कार्यशाळा, ऑनलाइन मॉड्यूल, शेवटी प्रमाणपत्र. माझा विरोध नेमका इथे आहे.

ज्याच्या हातात संघाची यादी, त्याच्यापाशी पोरं मन मोकळं करत नाहीत. करूही नये. 'सर, मला रात्री झोप येत नाही, छाती धडधडते' असं सांगितलं तर शनिवारी आपण राखीव बाकावर असू, हे तेरा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. सर कितीही प्रेमळ असले तरी. त्यातून आपल्याकडच्या मैदानाची भाषा ठरलेली, 'रडतोस काय बायकांसारखा', 'दोन फेऱ्या मार, डोकं ठिकाणावर येईल'. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिम्पिकमध्ये मन साथ देत नाही म्हणून बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली, तेव्हा आपल्याकडेही 'हे असलं नाजूकपण' म्हणणारे होते. आणि कधीकधी तर धोका खुद्द शिट्टीवाल्याकडून किंवा त्याच्या वरच्यांकडूनच असतो. 2023 साली देशाच्या नावाजलेल्या महिला कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या, त्या कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन. त्या पातळीवरच्या मुलींना दाद मागायला रस्त्यावर यावं लागत असेल, तर तालुक्याच्या अकादमीत निवासी राहणाऱ्या मुलीने कुणाकडे जायचं?

म्हणून हा माणूस वेगळा हवा. वस्तीतलीच, वीस-पंचवीस वर्षांची ताई किंवा दादा, शक्यतो स्वतः खेळलेले. अशी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. राज्य पातळीपर्यंत गेलेली, आरक्षणाच्या पाच टक्क्यांत न बसलेली, आता डिलिव्हरी करणारी किंवा पोलीस भरतीची चौथी तयारी करणारी. त्यांच्याकडे निवडीचा अधिकार नसेल. त्यांची वही वेगळी असेल, कोण जिंकलं याची नोंद नसलेली. कोण आलं नाही, कोण यायचं बंद झालं, कुणाला खेळात घेत नाहीत, एवढंच तिच्यात. तीन दिवस न आलेल्याच्या घरी जायचं. ऐकायचं कसं, सल्ले कसे द्यायचे नाहीत, ऐकलेलं कट्ट्यावर कसं बोलायचं नाही, आणि कुठली गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची आहे हे कसं ओळखायचं, याचं नीट प्रशिक्षण. मरणाची भाषा, स्वतःला इजा, भास, घरातला अत्याचार, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी पुढे कळवायचं. कुणाला, तो नंबर आणि ते नाव ठरलेलं हवं. पंधरवड्यातून एकदा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्यासोबत बसायचं, वही बघायची, आणि त्यांचंही मन ओझ्याने वाकलंय का ते विचारायचं. हे शेवटचं पहिल्याच बजेटमध्ये कापलं जाईल, याची मला खात्री आहे.

आणि पगार. 'मानधन' नको, पगार. आशाताईंचं आपण काय करून ठेवलंय ते समोर आहे. कामं वाढत गेली आणि पैशांसाठी आझाद मैदान चुकलं नाही. समाजसेवा म्हणून फुकट राबणारा दादा सहा महिन्यांत नोकरी मिळाली की जातो, आणि ज्या पोराने पहिल्यांदा कुणापाशी तरी तोंड उघडलं, त्याच्यासाठी आणखी एक मोठा माणूस निघून गेलेला असतो. त्यापेक्षा हे सुरू न केलेलं बरं.

पैसा कुठून, असं विचारलं जाईल. ऑलिम्पिक पदकं डोळ्यांसमोर ठेवून राज्याने 'मिशन लक्ष्यवेध' आणलंय, त्याला माझी हरकत नाही. पदकं यावीतच. पण त्याच खात्याची तालुका क्रीडा संकुलं आहेत, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी संध्याकाळी सहाला फाटकाला कुलूप असतं आणि पोरं कंपाउंडवरून उड्या मारून आत जातात. कुलूप उघडायला सिंथेटिक ट्रॅक लागत नाही. खरी अडचण वेगळी आहे. मैदान क्रीडा खात्याचं, मन आरोग्य खात्याचं, आणि पोर शिक्षण खात्याचं. तीन खात्यांच्या मधल्या जागेत फाइल कशी फिरते हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको.

म्हणून राज्यभर योजना जाहीर करू नका. एका तालुक्यात करा, आणि सोपा तालुका निवडू नका. बीडमधला धारूर घ्या. नोव्हेंबरात आईबाप उसाला गेलेले, मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली पोरं, आणि पाच महिन्यांच्या लांबलचक संध्याकाळी. तिथे दहा गावांत दहा ताया-दादा नेमा, चेंडू द्या, वही द्या, आणि टोळ्या परत येईपर्यंत चालवा. मार्चअखेर किती ढाली आल्या ते विचारू नका. नोव्हेंबरात आलेल्यांपैकी किती पोरं अजून येतायत आणि जी येत नाहीत ती कुठे आहेत, एवढं वहीतून काढा. योजना मोडून पडली, तर ती कुठल्या गावात, कुठल्या आठवड्यात आणि कुणाचा पगार थकल्यावर मोडली, हेही त्याच वहीत सापडेल.